जुन्या स्पेस ऑपेरा कादंबऱ्या आज कोण कोण वाचतं, आणि कशा वाचता?

धूमकेतू :

१९३०-४० च्या काळातल्या अंतराळ-साहसकथांचं नाव काढलं की हमखास एक उत्तर येतं, अहो ते सगळं कालबाह्य झालंय, त्यात माणसं स्लाइड रूलवर (हिशोबाच्या सरकपट्टीवर) हिशोब करून दुसऱ्या आकाशगंगेत जातात, शुक्रावर दलदल आणि जंगलं असतात, हिरो दोन प्रकरणांत नवीन शस्त्र शोधून काढतो, ते आता कशाला वाचायचं. यातलं सगळं खरं आहे आणि तरीही मला या कादंबऱ्या मनापासून आवडतात. 'त्या काळाच्या मानाने बऱ्या' अशी सूट देऊन नाही हं, आज वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही म्हणून आवडतात.

सुरुवात अर्थातच ई. ई. स्मिथपासून, ज्याला सगळे डॉक स्मिथ म्हणतात. हा पेशाने रसायनशास्त्रज्ञ, डोनटच्या तयार मिश्रणांवर काम करायचा. 'द स्कायलार्क ऑफ स्पेस' त्याने लिहायला घेतली १९१५ साली, प्रेमाचे प्रसंग आपल्याला जमणार नाहीत असं वाटलं म्हणून मित्राची बायको ली हॉकिन्स गार्बी हिला सोबत घेतलं, आणि छापून यायला उजाडलं १९२८, अमेझिंग स्टोरीज मासिकात क्रमशः. पहिल्याच वाक्यात सीटन नावाचा संशोधक थक्क होऊन बघतोय कारण ज्या तांब्याच्या भांड्यावर तो एका अज्ञात धातूचं द्रावण घेऊन काम करत होता ते भांडं अचानक सुटून खिडकीतून बाहेर पडलंय आणि पार दिसेनासं झालंय. प्रस्तावना नाही, नायकाचं बालपण नाही, काही नाही. तिथून गोष्ट जी सुटते ती यान बांधणं, त्याच्या होणाऱ्या बायकोचं अपहरण, पाठलाग, एका मृत ताऱ्याच्या ओढीत सापडणं असं करत थांबतच नाही. मध्येच त्यांना कळतं की आपण प्रकाशापेक्षा कितीतरी जोरात आलोय, मग आइनस्टाइनचं काय असा प्रश्न येतो, तर सीटनचं म्हणणं साधारण असं की तो सिद्धांत आहे आणि हे अंतर आपण प्रत्यक्ष मोजलंय. विषय संपला, पुढे चला.

पण मला खरं सांगायचंय ते लेन्समन मालिकेबद्दल (लेन्समन म्हणजे मनाशी जोडलेलं 'लेन्स' नावाचं उपकरण मनगटावर घालणारे आकाशगंगेच्या पोलिसांतले निवडक अधिकारी), कारण लोक म्हणतात यात विज्ञान काहीच नाही आणि ते मला पटत नाही. 'गॅलॅक्टिक पॅट्रोल' (१९३७-३८) मध्ये यानं इतक्या वेगाने जातात कारण त्यांचं जडत्वच काढून टाकता येतं. हे अशक्य आहे, मान्य. पण एकदा ते धरून चाललं की स्मिथ पुढचा हिशोब सोडत नाही. जडत्व नाही म्हणजे इंजिनाचा जोर आणि अंतराळातल्या विरळ वायूचा विरोध जिथे सारखे होतात तो तुमचा वेग, आणि इंजिन बंद केलं की यान तिथल्या तिथे थांबतं. आता जडत्व परत चालू केलं तर? तर तुमचा जो मूळ वेग होता तो दिशेसकट जसाच्या तसा परत येतो. म्हणजे लांबच्या सूर्यमालेतल्या ग्रहावर तुम्ही अलगद उतरू शकता, पण तिथेच जडत्व चालू केलं तर तुमचा वेग आणि त्या ग्रहाचा वेग यांत सेकंदाला कित्येक किलोमीटरचा फरक, म्हणजे यानाच्याही चिंधड्या आणि माणसांच्याही. त्यामुळे कुणाला यानावर घ्यायचं असलं किंवा कुठे नीट उतरायचं असलं की आधी मोकळ्या जागेत जाऊन चिकाटीने वेग जुळवत बसायचं. मागे शत्रू लागलेला असतानासुद्धा यातून सुटका नाही! आणि मग 'ग्रे लेन्समन'मध्ये याच नियमाचं शस्त्र केलंय, उलटसुलट दिशांना जाणारे दोन ओसाड ग्रह जडत्व काढून ओढत आणायचे, शत्रूच्या ग्रहाच्या दोन बाजूंना ठेवायचे, आणि जडत्व परत द्यायचं. शत्रू अडकित्त्यात. हे वाचून मी उठून खोलीभर फेऱ्या मारल्या होत्या.

तर माझं म्हणणं एवढंच की यात माहिती जुनी आहे पण विचार आळशी नाही. एक अशक्य गोष्ट मागून घ्यायची आणि मग तिची किंमत पुरेपूर चुकती करायची, ही शिस्त आजच्या बऱ्याच चकचकीत पुस्तकांत मला सापडत नाही. तुम्ही कोणकोणत्या वाचल्या आहेत, काय आवडलं, कुठे अडखळलात, सगळं लिहा.

रात्रवाचक :

विषय जवळचा आहे, वाचनखूण साठवली. पण एक अडचण मांडतो. गोष्ट आवडते, भाषा नडते. पहिल्या लढाईत शक्तीचे झोत कल्पनेपलीकडचे, दुसऱ्या लढाईत ते पहिल्याहून कल्पनेपलीकडचे, तिसऱ्यात तर शब्दच नाहीत असं म्हणून पुन्हा पानभर शब्द. 'ग्रे लेन्समन' माझं याच कारणाने अर्ध्यात सुटलं. ते दोन ग्रहांचं प्रकरण मी गाठलंच नव्हतं आणि आता चुटपुट लागलीय. तुम्ही हे कसं पचवता?

धूमकेतू :

रात्रवाचक, एकदम वाचू नका, हे माझं साधं उत्तर. या कादंबऱ्या पुस्तक म्हणून लिहिल्याच गेल्या नाहीत. 'गॅलॅक्टिक पॅट्रोल' अस्टाउंडिंग मासिकात सहा अंकांत आली, 'ग्रे लेन्समन' चार अंकांत, म्हणजे वाचकाला दोन लढायांच्या मध्ये एक अख्खा महिना मिळत होता, आणि त्या महिनाभरात मागची लढाई किती मोठी होती ते तो विसरलेला असायचा म्हणून लेखक पुन्हा आवाज चढवायचा. तेच आपण दोन रात्रींत सलग वाचायला गेलो की कान किटतात. मी दिवसाला दोन-तीन प्रकरणं वाचतो आणि जिथे जीव टांगणीला लागतो तिथे मुद्दाम थांबतो. मध्ये दुसरं काहीतरी शांत वाचायचं. विशेषणं मग आपोआप मागे पडतात आणि घटना पुढे येतात.

आणि ज्या ठिकाणी तो पल्लेदार भाषा सोडून कामाचं सांगतो ते बघा, म्हणजे पात्रं यान दुरुस्त करतायत, शत्रूच्या तळाचा नकाशा काढतायत, चिलखत तपासतायत. तिथे वाक्यं एकदम सुटसुटीत होतात, प्रयोगशाळेत काम केलेला माणूस लिहितोय हे कळतं.

गणितवेडा :

स्लाइड रूलचा उल्लेख आला म्हणून लिहितोच. लोक ज्याला दोष म्हणतात तोच मला सगळ्यात जास्त आवडतो. हाइनलाइनची 'स्टारमॅन जोन्स' (१९५३) बघा. यान एका ठराविक बिंदूला, ठराविक वेगाने, ठराविक क्षणी पोचलं तरच दूरच्या ताऱ्याकडची उडी बरोबर लागते, नाहीतर कुठे बाहेर पडाल याचा पत्ता नाही. आणि हे गणित कसं करतात? तर निरीक्षणं घ्यायची, जाडजूड कोष्टकांच्या पुस्तकांतून आकडे शोधायचे, ते हाताने द्विमान पद्धतीत बदलायचे आणि मग संगणकाला भरवायचे! आज शाळेतलं पोरसुद्धा विचारेल की ही कोष्टकं त्या संगणकातच का नाही ठेवली. प्रश्न बरोबर आहे. पण त्या खोलीतला ताण बघा. एक जण आकडे मोठ्याने वाचतोय, दुसरा उतरवतोय, घड्याळ पुढे चाललंय, प्रमुख दमलेला आहे, आणि एक चूक म्हणजे अख्खं जहाज गेलं. नायक मॅक्स याची स्मरणशक्ती अशी की ती सगळी पुस्तकं त्याला तोंडपाठ, आणि पुस्तकं नाहीशी होतात तेव्हा तोच एक आधार उरतो. संगणकाने सगळं आपोआप केलं असतं तर ही कादंबरीच झाली नसती.

माणसाच्या डोक्यावर आणि हातावर सगळं अवलंबून असणं हे या जुन्या गोष्टींत फार आहे. यंत्रं प्रचंड, पण ती चालवताना घाम माणसालाच येतो. मला आजच्या कथांमधल्या सर्वज्ञ यानांपेक्षा हे जास्त भिडतं. अर्थात ही माझी आवड.

शुक्रतारा :

चर्चा छान चाललीय, आणि मलाही हा प्रकार आवडतो म्हणूनच हे लिहिते, कारण 'कालबाह्य' म्हटलं की सगळे लगेच स्लाइड रूल आणि शुक्रावरच्या जंगलांवर येतात आणि खरं खुपणारं बाजूलाच राहतं.

एक, बायका. स्कायलार्कमध्ये डॉरथी आणि मार्गारेट यांना पळवून नेतात, मग सोडवून आणतात, मग लग्न होतं. लेन्समनमध्ये लेन्स मिळते ती पुरुषांना, क्लॅरिसा मॅकडूगल पहिली बाई लेन्स घालते तोवर मालिका बरीच पुढे गेलेली असते. आणि गंमत बघा, स्कायलार्कमध्ये बाईचा प्रत्यक्ष हात होता, मासिकात आणि पहिल्या पुस्तकावर गार्बीचं नाव स्मिथच्या बरोबरीने होतं, नंतरच्या सुधारित आवृत्तीवर मात्र एकट्या स्मिथचंच. हे मला पात्रांपेक्षाही जास्त लागलं.

दोन, आणि हे जास्त गंभीर आहे, 'स्कायलार्क थ्री' (१९३०) मध्ये फेनाक्रोन नावाची जमात आहे, आक्रमक, क्रूर, सगळं विश्व जिंकायला निघालेली. सीटन त्यांचा ग्रह नष्ट करतो. बरं, एवढ्यावर थांबत नाही, जे एक यान निसटून दुसऱ्या आकाशगंगेकडे निघालंय त्याचा पाठलाग करून तेही संपवतो, म्हणजे मागे कुणीच उरू नये. आणि पुस्तक याला निखळ विजय मानतं. कुणी एक क्षण थांबत नाही. लेन्समनमध्ये अरिशियन हे अतिप्रगत परग्रहवासी पिढ्यानपिढ्या माणसांच्या जोड्या जुळवत आणतात, त्यातून श्रेष्ठ संतती निर्माण करायला, आणि तेही सगळं चांगलंच म्हणून सांगितलंय. १९३० आणि ४० च्या दशकात जगात काय चाललं होतं हे डोक्यात ठेवून वाचलं की पोटात गोळा येतो.

मी वाचणं सोडलेलं नाही, सोडा असंही म्हणत नाहीये. पण साहसाची मजा घेताना ही पानं घाईघाईने उलटू नयेत असं मला वाटतं.

धूमकेतू :

शुक्रतारा, पूर्ण सहमत, आणि इतकं नेमकं लिहिलंत त्याबद्दल आभार. फेनाक्रोनच्या बाबतीत मला बचाव करायचा नाही. ते प्रकरण भयंकर आहे, आणि भयंकर यासाठी की लेखकाला ते भयंकर वाटलेलं नाही.

फक्त त्याच लेखकाची दुसरी बाजू सांगतो. लेन्समनमध्ये चार जण सर्वांत वरच्या दर्जाचे, त्यांतला माणूस एकच. वर्सेल हा पंखांचा, अनेक डोळ्यांचा सर्पासारखा प्राणी. ट्रेगॉन्सी म्हणजे पिंपासारखं धड, त्याला चार पाय आणि सोंडांसारखे हात, डोळे नाहीतच. आणि नाड्रेक, जो अतिथंड ग्रहावरचा आहे, माणसाच्या व्याख्येने चक्क भित्रा, समोरासमोरच्या लढाईत कधी उतरणार नाही. पण पुस्तक त्याची टर उडवत नाही. तो लांबून, महिनोन्महिने, हळूहळू शत्रूच्या अधिकाऱ्यांच्या मनातले एकमेकांबद्दलचे संशय वाढवत नेतो आणि शेवटी ते एकमेकांनाच संपवतात, आणि वर हा म्हणतो की काम अगदीच सुमार झालं, क्षमस्व. १९४१-४२ सालच्या गोष्टीत! शौर्याची आपली व्याख्या सगळ्यांना लागू नाही हे स्मिथला कळत होतं. जो लेखक नाड्रेक लिहू शकतो त्यानेच फेनाक्रोन लिहिलेत, ही विसंगती मला आजही सुटलेली नाही.

शनीची_कडी :

ग्रहांबद्दल थोडं. शुक्रावरची जंगलं, मंगळावरचे कालवे, बुध एकच बाजू सूर्याकडे ठेवून फिरतो आणि मधल्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात लोक राहतात, हे सगळं तेव्हा कुणी अज्ञानाने लिहीत नव्हतं, बुधाचं तर तेव्हाच्या खगोलशास्त्राचंच मत होतं. आणि हे सगळं कोसळलं ते अगदी तीन-चार वर्षांत. १९६२ च्या डिसेंबरात मरिनर २ हे यान शुक्राजवळून गेलं आणि तो भाजून काढणारा आहे हे पक्कं झालं. १९६५ च्या जुलैत मरिनर ४ ने मंगळाचे वीस-बावीस फोटो पाठवले, त्यात खड्डेच खड्डे. आणि त्याच वर्षी रडारने कळलं की बुध स्वतःभोवती ५९ दिवसांत फिरतो, म्हणजे कायमची अंधारी बाजू वगैरे काही नाहीच. लॅरी निव्हनची पहिली छापलेली कथा बुधाच्या अंधाऱ्या बाजूवर होती, १९६४ च्या शेवटी आली आणि लगेचच जुनी झाली.

त्यामुळे मी वाचताना पुस्तकाचं साल बघतो. १९६५ च्या आधीचा मंगळ हा माझ्यासाठी वेगळाच ग्रह आहे, आपल्या मंगळाशी त्याचा नावापुरता संबंध. मग काही त्रास होत नाही.

जाता जाता, ली ब्रॅकेटचं नाव अजून कसं नाही आलं?

शुक्रतारा :

शनीची_कडी, येणारच होतं, तुम्ही आधी घेतलंत!

ज्यांना डॉक स्मिथची भाषा जड जाते त्यांनी थेट ब्रॅकेटकडे जावं. तिचा मंगळ म्हणजे आटलेले समुद्र, समुद्राच्या तळावर वसलेली म्हातारी शहरं, आणि तिथे येऊन पोचलेली पृथ्वीवरची लोभी माणसं. 'द सोर्ड ऑफ ऱ्हियानन' घ्या, त्यातला नायक एका थडग्यात शिरतो आणि लाखो वर्षं मागे, मंगळावर अजून समुद्र असतानाच्या काळात बाहेर पडतो. आता आपल्याला माहितीये की मंगळ तसा नाही. पण ती वाळू, आणि त्या वाळूच्या जागी अचानक पाणी दिसणं, हे तिने असं लिहिलंय की वैज्ञानिक खरंखोटं तिथे आड येत नाही. तिची वाक्यं छोटी, कोरडी. रहस्यकथा आणि हॉलिवूडच्या पटकथा लिहिलेली बाई, एक शब्द जास्तीचा नाही. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'च्या पटकथेचा पहिला खर्डासुद्धा तिचाच, तो देऊन काही आठवड्यांतच १९७८ मध्ये ती गेली.

आणि तिने स्वतः या कालबाह्य होण्याला काय उत्तर दिलं ते मला फार आवडतं. तिचा नायक एरिक जॉन स्टार्क आधी मंगळ-शुक्रावर फिरायचा. १९७० च्या दशकात तिने त्याला परत आणलं तेव्हा सरळ सूर्यमालेबाहेरच्या स्केथ नावाच्या ग्रहावर नेलं. विझत चाललेला सूर्य, तेच म्हातारं जग, तीच हाव. खऱ्या मंगळाशी भांडत बसली नाही.

नवखा_प्रवासी :

वाचून एकदम वाचावंसं वाटायला लागलं पण पुस्तकं इतकी की कुठून सुरू करू कळत नाहीये, लेन्समनचा पहिला भाग 'ट्रायप्लॅनेटरी' ना? तोच घेऊ का?

धूमकेतू :

नको!! ट्रायप्लॅनेटरीने सुरुवात करू नका, असंख्य लोक तिथेच अडकून मालिका सोडतात. ती मूळ १९३४ ची स्वतंत्र गोष्ट, लेन्समनशी संबंध नसलेली. १९४८ मध्ये पुस्तक करताना स्मिथने तिच्यात अॅटलांटिस, रोम, महायुद्धं असे तुकडे जोडले आणि अरिशियन आणि त्यांचे शत्रू एडोरियन यांचं सगळं गुपित पहिल्याच पानांत सांगून टाकलं. मूळ मासिकाच्या वाचकांना तेच गुपित दहा वर्षं थोडंथोडं कळत गेलं होतं. एकेका शत्रूच्या मागे आणखी मोठा शत्रू निघतो हाच तर त्यातला थरार, तो आधीच फोडून टाकल्यावर राहिलं काय.

'गॅलॅक्टिक पॅट्रोल', 'ग्रे लेन्समन', 'सेकंड स्टेज लेन्समेन', 'चिल्ड्रन ऑफ द लेन्स', याच क्रमाने. बाकीचे आवडलं तर नंतर.

रात्रवाचक :

नवख्या माणसाला लगेच चार जाड पुस्तकं नका देऊ हो. एकच छोटी आणि पूर्ण हवी असेल तर एडमंड हॅमिल्टनची 'द स्टार किंग्ज' (१९४७). जॉन गॉर्डन, महायुद्धात विमान चालवून आलेला आणि आता न्यूयॉर्कमध्ये विमा कंपनीत कारकुनी करणारा. त्याच्या मनात एक आवाज येतो, दोन लाख वर्षं पुढच्या काळातला एक राजपुत्र, म्हणतो थोडे दिवस शरीरांची अदलाबदल करू, मला तुमचा काळ अभ्यासायचाय. हा तयार होतो. आणि तिकडे पोचल्या पोचल्या राजपुत्र म्हणून साम्राज्याच्या राजधानीत नेला जातो, जिथे त्याला चालीरीती माहीत नाहीत, माणसं माहीत नाहीत, आणि मुख्य म्हणजे राजघराण्यातल्या मोजक्या लोकांनाच ठाऊक असलेलं एक महाभयंकर शस्त्र आहे, ते कसं चालवायचं हे सगळे धरून चालतात की याला येतं. याला तर ते काय करतं हेही माहीत नाही. आणि युद्ध दारात आलंय.

त्यातला शोर कान हा खलनायक बघा. गोड बोलणारा, हुशार, स्वतःच्या स्वार्थाबद्दल अगदी प्रामाणिक. त्याच्या प्रत्येक प्रसंगात गॉर्डनपेक्षा तोच आवडून जातो. लढाईत शेवटी ते शस्त्र वापरायची वेळ येते तेव्हा जे होतं ते सांगत नाही, पण त्या शस्त्राला घाबरावं लागतं ते चालवणाऱ्यालाच, एवढं बोलतो. दोनशे पानांच्या आसपास सगळं आटोपतं.

गणितवेडा :

स्टार किंग्जला अनुमोदन. त्याच पठडीत जॅक विल्यम्सनची 'द लीजन ऑफ स्पेस' (१९३४) पण सांगून ठेवतो. चौघांची टोळी, त्यांतला जाइल्स हबीबुला हा म्हातारा, जाडा, सतत कुरकुरणारा, कुठलंही कुलूप उघडणारा, शेक्सपियरच्या फॉलस्टाफवरून उचललेला. परक्या ग्रहावरची जी पायपीट आहे त्यात, नदी, जंगल, भिंती, एकामागून एक, ती वाचून अंग दुखतं. विल्यम्सन १९०८ चा, लहानपणी कुटुंबासोबत बैलगाडीसारख्या छपराच्या गाडीतून न्यू मेक्सिकोला आलेला माणूस, आणि गेला २००६ मध्ये, शेवटपर्यंत लिहीत होता. एका आयुष्यात काय काय बघितलं असेल.

तर्कट :

सगळ्यांचा उत्साह पाहून बरं वाटलं पण एक प्रामाणिक शंका. या सगळ्या कल्पना नंतरच्या लोकांनी जास्त चांगल्या लिहिल्यात. बँक्स आहे, बुजोल्ड आहे, चेरी आहे. पात्रं खरी, राजकारण खरं, बायकांना मेंदू आहे. मग मूळ कच्चा माल वाचायचा तो अभ्यास म्हणून ठीक, पण 'मजा' म्हणून? वेळ मर्यादित असतो शेवटी.

शनीची_कडी :

तर्कट, अभ्यास म्हणूनच बघायचं तर यादी मोठी आहे. १९६२ मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि मंडळींनी 'स्पेसवॉर' हा अगदी सुरुवातीचा संगणक-खेळ केला तो डॉक स्मिथच्या पुस्तकांनी डोकं भारून गेलं होतं म्हणून. 'ग्रे लेन्समन'मध्ये सेनापतीच्या यानात एक अवाढव्य टाकी आहे, तिच्यात सगळ्या रणांगणावरची यानं दिव्यांच्या ठिपक्यांनी दिसतात, आणि अमेरिकन नौदलातल्या एका अधिकाऱ्याने युद्धनौकांवरच्या माहिती-कक्षाच्या कल्पनेचं श्रेय या टाकीला दिल्याचं अस्टाउंडिंगचा संपादक कॅम्पबेल याने स्मिथला पत्राने कळवलं होतं. १९६६ मध्ये सर्वकालीन सर्वोत्तम मालिकेसाठी ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार ठेवला होता त्यात लेन्समनला नामांकन होतं, मिळाला असिमॉव्हच्या फाउंडेशनला.

पण मजेचं उत्तर धूमकेतूच देतील.

धूमकेतू :

तर्कट, बँक्स आणि बुजोल्ड मलाही प्रिय आहेत, आणि पात्रं त्यांची उजवी आहेत यात वाद नाही. पण त्यांचं प्रत्येक पुस्तक हे आधीच्या शंभर पुस्तकांना ओळखून लिहिलेलं असतं. तिथे साम्राज्य आलं की ते कसं सडलंय हे येणार, शस्त्र आलं की त्याचा पश्चात्ताप येणार, आणि ते योग्यच आहे, शुक्रतारांनी वर जे लिहिलं त्याचंच ते उत्तर आहे. स्मिथ किंवा हॅमिल्टन वाचताना जे मिळतं ते निराळं. यांच्या आधी कुणी इतक्या लांब गेलेलंच नव्हतं. सूर्यमालेच्या बाहेर पडायचं म्हणजे काय दिसेल, किती लांब जाता येईल, तिकडे कोण भेटेल, हे लिहिणाऱ्यालाही पुढच्या पानापर्यंत ठाऊक नाही असं वाटतं, आणि ते कुतूहल इतकं निर्मळ आहे की वाचणाऱ्यालाही लागतं. त्यांना कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाहीये. पुढे काय आहे ते बघायचंय बस. ही भूक नंतरच्या जाणत्या लेखकांत क्वचित दिसते. मला दोन्ही लागतात, एकाच्या बदल्यात दुसरं चालत नाही.

आणि वेळेचं म्हणाल तर तो आवडीच्या मागे जातो.

तर्कट :

हं. 'लिहिणाऱ्यालाही पुढच्या पानापर्यंत ठाऊक नाही' हे पटलं. स्टार किंग्ज घेतो वाचायला, आवडली नाही तरी येऊन सांगतो.

नवखा_प्रवासी :

मी स्कायलार्कच सुरू केली, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळाली. निम्म्याच्या पुढे आलोय. मला सीटनपेक्षा तो डुकेन जास्त आवडतोय, चालेल ना? माणूस खुनी, चोर, मुलीला पळवणारा, पण सगळे एकाच यानात अडकल्यावर शब्द देतो की परत पोचेपर्यंत मी तुमच्यातलाच एक, आणि मग खरंच सगळ्यात चोख काम करतो, कुणाला दगा नाही काही नाही. आता पृथ्वी आली की तो परत पहिल्यासारखा होणार का ही धाकधूक लागलीय. कृपया कुणी सांगू नका.

शुक्रतारा :

सांगत नाही! डुकेन सगळ्यांनाच आवडतो. स्मिथलाही आवडत असावा, कारण मालिकेचं शेवटचं पुस्तक त्याच्याच नावाचं आहे, 'स्कायलार्क डुकेन', १९६५ मध्ये क्रमशः आलं, स्मिथ गेला त्याच वर्षी. गुटेनबर्गवरची आवृत्ती मासिकातली आहे, म्हणजे गार्बीचं नाव असलेली, तीच वाचा. अंकाचं मुखपृष्ठही शोधून बघा, ऑगस्ट १९२८ चा अंक, हवेत उडणारा लाल कपड्यांतला माणूस. त्याच अंकात बक रॉजर्स या दुसऱ्या गाजलेल्या नायकाची पहिली गोष्ट आहे म्हणून बरेच जण तो माणूस बक रॉजर्स समजतात, पण चित्र स्कायलार्कचं आहे.

नवखा_प्रवासी :

मिळालं मुखपृष्ठ. हा सीटनच आहे तर! पुढचं वाचून झालं की फेनाक्रोनचं ते प्रकरण पण वाचतो आणि मग शुक्रतारा तुमच्याशी त्यावर बोलायचंय.

शुक्रतारा :

नक्की. 'स्कायलार्क थ्री'सुद्धा गुटेनबर्गवर आहे. ते निसटलेलं यान आणि त्याचा पाठलाग अगदी शेवटी येतो, तिथे पोचलात की लिहा.